मास्टर बेडरूम बघून झाली की टीव्ही काळा: साइट ऑफिसातल्या एका वॉकथ्रूचं प्रकरण

माझ्याकडे आलेली तक्रार एका ओळीची होती. वॉकथ्रू चालू असताना एक्सेलवर गेलं की टीव्ही काळा पडतो, आणि कधी कधी परत येतच नाही. परळ-लालबागच्या पट्ट्यात उभ्या राहत असलेल्या एका टॉवरच्या साइट ऑफिसातली ही गोष्ट. सेल्स हेडनी तक्रारीसोबत निदानही तयार ठेवलं होतं: ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. त्या निदानावर पैसे खर्चही झाले होते. आधीच्या आयटीवाल्याच्या सांगण्यावरून महागातला गेमिंग लॅपटॉप घेतला गेला, त्यात वॉकथ्रू टाकला, आणि टीव्ही पूर्वीसारखाच काळा पडत राहिला. फरक एवढाच की आता पडदा काळा असताना पंख्याचा आवाज जास्त यायचा.

साइट ऑफिसचं चित्र मुंबईकराला नव्याने सांगायला नको. इमारत अजून सातव्या-आठव्या स्लॅबवर, सॅम्पल फ्लॅट एकच, त्यामुळे बाकी सगळं विकायचं ते भिंतीवरच्या 65 इंची टीव्हीवरून. वॉकथ्रू म्हणजे इथे तयार व्हिडिओ नव्हता, तर गेमसारखा चालणारा प्रोग्रॅम होता. कीबोर्डवर डब्ल्यू दाबलं की आपण दारातून आत शिरतो, माऊस फिरवला की मान वळते, आकडे दाबले की मजला बदलतो आणि बाल्कनीतून दिसणारा देखावाही. गोरेगावच्या एका छोट्या स्टुडिओने तो काही वर्षांपूर्वी डायरेक्ट3डी 9 या मायक्रोसॉफ्टच्या ग्राफिक्स प्रणालीवर बांधून दिला होता. सुदैवाने त्याचा सोर्स कोड करारानुसार बिल्डरकडे होता. तो ज्या पेनड्राइव्हवर होता ती चहाच्या कपाटात सापडली.

टीव्हीशी जोडणी अशी होती: लॅपटॉपचं झाकण जवळजवळ बंद, विंडोजमध्ये ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडलेलं, वायरलेस कीबोर्ड-माऊस सेल्सच्या मुलीच्या मांडीवर. म्हणजे ग्राहक आणि सेल्सवाली एकाच पडद्याकडे बघणार. वॉकथ्रू, एक्सेल, व्हॉट्सॲप, सगळं त्या एका टीव्हीवर.

रविवारी काय दिसलं

मी आधी कोडला हात लावला नाही. रविवारी सकाळी, म्हणजे गर्दीच्या वेळी, कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसून नुसतं बघितलं. असल्या तक्रारीत यंत्रापेक्षा वापरणाऱ्याच्या हाताकडे बघावं, असं माझं मत आहे.

गिरगावातून आलेलं एक कुटुंब होतं. आजोबा, आजी, मुलगा, सून. टू बीएचके बघत होते. हॉल झाला, किचन झालं, मास्टर बेडरूम झाली. सून वॉर्डरोबच्या आरशात बघून म्हणाली, “बघा, खिडकीसुद्धा दिसतेय आरशात.” तेवढ्यात आजोबांनी मुद्द्याचं विचारलं.

“काय हो मॅडम, फ्लॅट सूनबाईच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटी कमी लागते म्हणतात?”

“लागते ना काका, फक्त बाईंच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. थांबा, आकडाच दाखवते.”

मुंबईत सहा टक्के मुद्रांक शुल्क. एकट्या स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर पाच. एक कोटी ऐंशी लाखांच्या करारावर हा फरक एक लाख ऐंशी हजारांचा होतो. वर बांधकाम चालू असलेल्या घराला पाच टक्के जीएसटी, आणि तीस हजार नोंदणी फी. हा सगळा हिशेब एक्सेलमधल्या कॉस्ट शीटमध्ये नाव बदललं की आपोआप बदलायचा. मुलीने एका खिडकीतून दुसरीत जायचं आल्ट-टॅब दाबलं. टीव्ही काळा झाला, ‘नो सिग्नल’ अशी पाटी आली, तीन-चार सेकंदांनी डेस्कटॉप उगवला, आणि एक्सेलची खिडकी वरच्या डाव्या कोपऱ्यात आक्रसून बसलेली. मुलीने ती ओढून मोठी केली, आकडा दाखवला, परत वॉकथ्रूवर गेली. पुन्हा काळा. पुन्हा ‘नो सिग्नल’. या वेळी पाटी गेली तरी काळाच राहिला.

“गेला का टीव्ही?” आजी.

टास्क मॅनेजर उघडून प्रोग्रॅम मारला, पुन्हा सुरू केला, पुन्हा लॉबीपासून. बेडरूमपर्यंत पोहोचेस्तोवर आजोबांचं लक्ष बाहेरच्या मॉडेलकडे गेलं होतं.

दुपारपर्यंत आणखी दोन गोष्टी दिसल्या. एका खेपेला एक्सेलवरून परत आल्यावर कॅमेरा आपोआप पुढे चालायला लागला, हॉल ओलांडला, बाल्कनीच्या रेलिंगमधून आरपार गेला आणि बाविसाव्या मजल्याच्या उंचीवर हवेत चालत राहिला. ग्राहक हसले, सेल्सवालीला घाम फुटला. दुसरी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. एक्सेल उघडं असताना व्हॉट्सॲपची सूचना टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात आली. त्यात दुसऱ्या ग्राहकाशी ठरलेला प्रति चौरस फूट दर स्वच्छ वाचता येत होता, आणि समोर बसलेल्या गृहस्थांनी तो वाचला.

ऑफिसातले सगळे या सगळ्याला एकच नाव देत होते: टीव्ही काळा पडतो. प्रत्यक्षात चार वेगवेगळे दोष एका पाटीखाली नांदत होते. चारही दोष दिसतात एकाच क्षणी, आल्ट-टॅबच्या क्षणी, म्हणून ते एकच वाटतात.

पडद्याचा ताबा

मुळाशी एक जुनी पद्धत आहे, एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीन. डायरेक्ट3डी 9 आलं 2002 साली, विंडोज एक्सपीच्या जमान्यात. तेव्हा प्रत्येक खिडकी थेट पडद्यावर रंगायची. ग्राफिक्सच्या प्रोग्रॅमला सलग, न फाटणारं चित्र हवं असेल तर अख्खा पडदा ताब्यात घेणं हाच सरळ मार्ग होता. प्रोग्रॅम विंडोजला सांगतो: मला 1920 बाय 1080 दे, 60 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र बदलत दे, आणि मध्ये दुसरं कोणी नको. चाळीची गच्ची एका बिऱ्हाडाने लग्नासाठी घेतली की बाकीच्यांनी वाळत घातलेले कपडे आधी उचलावे लागतात, तसंच. आणि मांडव उतरल्यावर दोऱ्या पुन्हा बांधाव्या लागतात.

2007 साली विंडोज व्हिस्टासोबत हा पाया बदलला. तेव्हापासून प्रत्येक खिडकी आपलं चित्र मेमरीत बाजूला काढते आणि डेस्कटॉप विंडो मॅनेजर नावाचा घटक ती सगळी चित्रं जुळवून एकच पडदा बनवतो. विंडोज 8 पासून तर हा घटक बंदच करता येत नाही. म्हणजे पडद्याएवढी, चौकट नसलेली खिडकी उघडली की दिसायला फुलस्क्रीनच, पण ताबा कोणाकडून हिसकावलेला नसतो. बदलायला गेलं तर अर्ध्या दिवसाचं काम. तरीही जुन्या नमुना कोडावरून बांधलेले प्रोग्रॅम अजून एक्सक्लुझिव्हच मागतात, कारण नमुन्यात तसं होतं.

आता काळ्या पडद्याचा पहिला तुकडा. लॅपटॉपची केबल जुनी होती, त्यामुळे डेस्कटॉप 3840 बाय 2160 वर होता खरा, पण 30 हर्ट्झवर; एचडीएमआय 1.4 मधून त्या रिझोल्यूशनला तेवढंच जातं, 60 साठी 2.0 लागतं. वॉकथ्रूला हवं होतं 1920 बाय 1080, 60 हर्ट्झ. म्हणजे दर आल्ट-टॅबला सिग्नलच बदलत होता, आणि टीव्हीला नवा सिग्नल ओळखून जुळवून घ्यायला तीन-चार सेकंद लागत होते. संगणकाचा मॉनिटर हे पटकन करतो, दिवाणखान्यातले टीव्ही सावकाश. एक्सेल आक्रसण्याचं कारणही तेच: पडदा अचानक चौथ्या हिश्श्याचा झाला की विंडोज बाकीच्या खिडक्यांना त्यात बसवायला ढकलतं, आणि पडदा मोठा झाल्यावर त्या आपणहून जागेवर जात नाहीत.

यावर ताबडतोबीचा उपाय कोडाशिवाय झाला. डेस्कटॉपच 1920 बाय 1080, 60 हर्ट्झवर ठेवला. दोन्ही बाजूंचा सिग्नल एकच झाल्यावर टीव्हीला ओळखायला नवं काही उरलं नाही. तीन-चार सेकंदांच्या जागी पापणी लवावी एवढं लुकलुकणं राहिलं. सेल्स हेड त्याच संध्याकाळी म्हणाले, “झालं की हो काम!” झालं नव्हतं. पडदा कायमचा काळा होण्याचं कारण वेगळं होतं.

आरसा

सेल्सच्या मुलींची एक पक्की समजूत होती: वन बीएचके दाखवताना प्रोग्रॅम त्रास देत नाही, टू बीएचके ‘जड’ आहे. कार्ड कमी पडतंय हे निदान याच समजुतीतून जन्मलं होतं, आणि निरीक्षण म्हणून त्यांचं काही चुकत नव्हतं. टू बीएचकेच अडकत होता. पण जडपणाने अडकला असता तर नव्या लॅपटॉपवर सुटायला हवा होता.

मग एक एक खोली घेऊन बघितलं. लॉबीतून आल्ट-टॅब, परत: ठीक. हॉलमधून: ठीक. किचन, दुसरी बेडरूम, बाल्कनी: सगळं ठीक. मास्टर बेडरूममधून: काळा, कायमचा. पुन्हा सुरू केलं, मास्टर बेडरूममध्ये जाऊन हॉलमध्ये परत आलो आणि हॉलमधून आल्ट-टॅब केलं. तरीही काळा. म्हणजे बेडरूममध्ये असणं हे कारण नव्हतं. एकदा तिथे जाऊन येणं पुरेसं होतं. तिथे शिरताना प्रोग्रॅम असं काहीतरी करत होता जे मागे राहत होतं.

वन बीएचकेमध्ये नसलेली आणि टू बीएचकेच्या मास्टर बेडरूममध्ये असलेली वस्तू एकच: वॉर्डरोबचा आरसा.

आरशातलं प्रतिबिंब काढायला खोली दोनदा रंगवावी लागते. एकदा आरशाच्या बाजूने, आणि ते चित्र एका वेगळ्या टेक्स्चरमध्ये, म्हणजे वस्तूवर डकवायच्या चित्रात. मग नेहमीचं दृश्य, ज्यात ते टेक्स्चर काचेवर डकवलेलं. ज्या टेक्स्चरवर असं रंगवायचं असतं त्याला रेंडर टार्गेट म्हणतात, आणि डायरेक्ट3डी 9 मध्ये ते ‘डिफॉल्ट पूल’मध्येच ठेवावं लागतं, म्हणजे थेट ग्राफिक्सच्या मेमरीत. भिंतींचे, फरशांचे, सोफ्यांचे नेहमीचे टेक्स्चर ‘मॅनेज्ड पूल’मध्ये होते, त्यांची एक प्रत साध्या मेमरीत असते आणि लागेल तेव्हा डायरेक्ट3डी स्वतःच ती वर चढवतं.

पडद्याचा ताबा सुटला की डायरेक्ट3डी 9 मध्ये प्रोग्रॅमचं ‘डिव्हाइस’, म्हणजे ग्राफिक्स कार्डाशी असलेली त्याची जोडणी, हरवतं. हा शब्द त्यांचाच आहे, डिव्हाइस लॉस्ट. परत आल्यावर प्रोग्रॅमने आधी विचारायचं असतं की आता चालेल का. उत्तर ‘रीसेट करा’ असं आलं की डिफॉल्ट पूलमधली आपली प्रत्येक वस्तू सोडून द्यायची, रीसेट करायचं, मग त्या वस्तू नव्याने बनवायच्या. मॅनेज्ड पूलची काळजी घ्यावी लागत नाही. अट एकच, पण कडक: डिफॉल्ट पूलमधली एक वस्तू जरी सोडायची राहिली तरी रीसेट नाकारलं जातं.

स्टुडिओच्या मुलाने हे सगळं नीट लिहिलं होतं. सोडायच्या वस्तूंची यादी होती, ती क्रमाने सोडली जात होती, नंतर पुन्हा बनत होती. सुरुवातीला बनणाऱ्या सगळ्या वस्तू त्या यादीत होत्या. आरशाचं टेक्स्चर मात्र सुरुवातीला बनत नव्हतं. प्रोग्रॅम लवकर सुरू व्हावा म्हणून ते मास्टर बेडरूममध्ये पहिलं पाऊल पडल्यावर बनायचं, आणि यादीत त्याची नोंद नव्हती. लॉग फाइल उघडली तर शेवटी एकच ओळ हजारो वेळा: रीसेट अयशस्वी, चुकीचं आवाहन. प्रोग्रॅम दर फ्रेमला, म्हणजे दर नव्या चित्राला, पुन्हा प्रयत्न करत होता आणि दर फ्रेमला तेच टेक्स्चर आडवं येत होतं. म्हणून तो ‘हँग’ही दिसत नव्हता, पंखा जोरात फिरत होता, आणि पडदा काळा.

हे स्टुडिओत कधीच का सापडलं नाही, हेही इथेच कळतं. प्रोग्रॅमर आल्ट-टॅबची चाचणी करतो ती प्रोग्रॅम सुरू झाल्याबरोबर, लॉबीत उभा राहून. ग्राहक किंमत विचारतो ती घर बघून झाल्यावर. मास्टर बेडरूम ही बहुतेक फेरीतली शेवटची खोली, आणि “सगळं धरून किती पडेल?” हा प्रश्न बरोबर तिथेच येतो. दोष आणि धंद्याची वेळ इतकी जुळली होती की ऑफिसला वाटायचं, प्रोग्रॅम ग्राहक बघून बिघडतो.

दुरुस्ती दोन ओळींची: आरशाचं टेक्स्चर बनवताना यादीत घालायचं, आणि रीसेटनंतर ते पुन्हा बनवायचं.

हवेत चालणारा कॅमेरा

हा दोष लहान, पण जिथे जिथे फुलस्क्रीन प्रोग्रॅम असतो तिथे तिथे भेटतो. कळ दाबली की विंडोज एक निरोप पाठवतं, सोडली की दुसरा. निरोप जातो तो ज्या खिडकीकडे लक्ष आहे तिच्याकडे. सेल्सवाली डब्ल्यू दाबून चालत असताना दुसऱ्या हाताने आल्ट-टॅब करते. डब्ल्यू ‘दाबली’ हा निरोप वॉकथ्रूला मिळतो आणि ‘सोडली’ हा एक्सेलला. वॉकथ्रूच्या वहीत डब्ल्यू अजून दाबलेलीच. परत आल्यावर तो इमानदारीत चालायला लागतो. रेलिंगला अडथळा घालायचं स्टुडिओला सुचलं नव्हतं, हा वेगळा भाग. लक्ष सुटल्याचा निरोप आला की सगळ्या कळांची वही कोरी करायची, एवढंच करावं लागलं. रेलिंगलाही अडथळा घातला, आजींच्या समाधानासाठी.

माऊसचंही असंच. मान वळवताना बाण पडद्याबाहेर निसटू नये म्हणून प्रोग्रॅम दर फ्रेमला माऊस आपल्या हद्दीत कोंडत होता, लक्ष दुसरीकडे असतानाही. एकाच पडद्यावर हे कळत नव्हतं. दोन पडदे केल्यावर मात्र लगेच बोंब झाली असती, म्हणून तेही त्याच वेळी काढलं.

दोन पडदे, आणि तिथली अडचण

व्हॉट्सॲपमधला दर ग्राहकाला दिसणं हे प्रोग्रॅमच्या दुरुस्तीने सुटणारं नव्हतं. ग्राहकाचा पडदा आणि सेल्सचा पडदा वेगळा हवा. विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडायचं: लॅपटॉपवर एक्सेल आणि व्हॉट्सॲप, टीव्हीवर फक्त वॉकथ्रू. विंडोजच्या सूचना मुख्य पडद्यावर येतात, म्हणजे लॅपटॉपवर. दर गळायचा मार्ग बंद. मग बदलाबदलच कशाला, आल्ट-टॅबच नको, असा ऑफिसचा पहिला आनंद होता.

तो टिकला नाही. टीव्हीवर वॉकथ्रू चालू असताना लॅपटॉपवरच्या एक्सेलमध्ये एक क्लिक केली, आणि टीव्हीवरचा वॉकथ्रू गडप. एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीनचा हा स्वभावच आहे. लक्ष दुसऱ्या खिडकीकडे गेलं की ताबा सुटतो आणि प्रोग्रॅम खाली बसतो (मिनिमाइझ होतो), मग ती दुसरी खिडकी शेजारच्या पडद्यावर का असेना. ग्राहकाला आता काळ्याऐवजी डेस्कटॉपचा निळा वॉलपेपर दिसत होता, एवढीच प्रगती.

इथे तीन वाटा होत्या. पहिली, काहीच न करता मुलींना शिकवायचं की ग्राहक टीव्हीकडे बघत असताना लॅपटॉपला हात लावू नका. असले नियम रविवारच्या गर्दीत अकरा वाजेपर्यंत टिकतात. दुसरी वाट, व्हिस्टापासून मिळणारं डायरेक्ट3डी 9 चं ‘ईएक्स’ रूप घ्यायचं. त्यात आल्ट-टॅबने डिव्हाइस हरवत नाही. ऐकायला सुंदर, पण ईएक्समध्ये मॅनेज्ड पूल चालत नाही. आणि वॉकथ्रूतली जवळजवळ प्रत्येक भिंत, फरशी, झुंबर मॅनेज्ड पूलमध्ये होतं. म्हणजे टेक्स्चर चढवण्याचा सगळा भाग पुन्हा लिहायचा, तोही अशा कोडात ज्याचा लेखक आता दुसऱ्याच नोकरीत आहे. शिवाय एक्सक्लुझिव्ह राहिलं तर टीव्हीवरून गडप होण्याचं काय, हा प्रश्न उरतोच.

तिसरी वाट घेतली: ताबाच मागायचा नाही. डायरेक्ट3डीला सांगायचं की आपण खिडकीत आहोत, आणि खिडकी टीव्हीच्या मापाची, चौकट आणि शीर्षकपट्टी नसलेली उघडायची. गेम खेळणारी मुलं याला ‘बॉर्डरलेस’ म्हणतात आणि त्यांच्यात यावर वाद आहेत. चित्र जुळवणारा घटक मध्ये आल्यामुळे एखाद्या फ्रेमचा उशीर होऊ शकतो, म्हणजे 60 हर्ट्झवर सुमारे 17 मिलिसेकंद. नेमबाजीच्या गेममध्ये त्यावरून भांडण व्हावं हे समजू शकतं. मॉड्युलर किचन बघणाऱ्या माणसाला 17 मिलिसेकंदांनी काही होत नाही. वॉकथ्रूसाठी एक्सक्लुझिव्ह मागायला एकही धड कारण मला सापडलं नाही.

बॉर्डरलेस करताना तीन ठिकाणी जपावं लागलं. ऑफिसात कोणी पुन्हा असा प्रोग्रॅम बांधून घेणार असेल तर स्टुडिओला हे आधीच विचारावं.

खिडकीला ‘सगळ्यांच्या वर’ हा गुण द्यायचा नाही. पुष्कळ जण टास्कबार झाकायला तो देतात, आणि मग एक्सेल त्या खिडकीच्या मागे अडकतं. पूर्ण पडदा व्यापणारी खिडकी समोर असली की विंडोज टास्कबार आपणहून मागे घेतं. टीव्हीवर टास्कबारच नको म्हणून विंडोजमधली ‘सगळ्या डिस्प्लेवर टास्कबार दाखवा’ ही खूण काढून टाकली.

प्रोग्रॅमला स्केलिंग (विंडोजची सगळं मोठं करून दाखवायची सोय) कळतं असं जाहीर करावं लागतं. लॅपटॉपवर दीडशे टक्के स्केलिंग होतं. जुना प्रोग्रॅम हे जाहीर करत नसल्यामुळे विंडोज त्याला 1920 बाय 1080 चा पडदा 1280 बाय 720 चा आहे असं सांगत होतं आणि आलेलं चित्र ताणून दाखवत होतं. लॅपटॉपवर चाचणी घेताना फरशीच्या रेघा धूसर दिसायला लागल्या तेव्हा हे लक्षात आलं. एक्सक्लुझिव्हमध्ये हा प्रश्न झाकला गेला होता.

आणि लक्ष नसताना काय करायचं ते ठरवावं लागतं. पूर्वी लक्ष गेलं की डिव्हाइसच हरवायचं, त्यामुळे हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आता एक्सेलमध्ये टाइप करताना वॉकथ्रू टीव्हीवर जिवंत असतो. रंगवत राहायचं, पण कीबोर्डकडे कान द्यायचा नाही. खिडकी खाली बसवली असेल तर रंगवणंही थांबवायचं, नाहीतर कोणाला न दिसणाऱ्या चित्रासाठी लॅपटॉप तापत राहतो.

आरशाची दुरुस्ती मात्र ठेवलीच. खिडकीत चालणाऱ्या डायरेक्ट3डी 9 चं डिव्हाइस आल्ट-टॅबने हरवत नसलं तरी इतर कारणांनी हरवू शकतं. लॅपटॉप जेवणाच्या सुट्टीत झोपून उठला, किंवा दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रॅमने पडदा ताब्यात घेतला, तरी तीच पाळी येते. मास्टर बेडरूममधून लॅपटॉप मुद्दाम झोपवून उठवला, आरसा जागेवर होता.

ऑफिसात काय बदललं

सेल्स हेडनी एक हरकत घेतली, आणि ती रास्त होती. आकडा ग्राहकाला मोठ्या पडद्यावर दिसायला हवा. लॅपटॉपमध्ये डोकावून दाखवला की काहीतरी लपवताय असं वाटतं. म्हणून कॉस्ट शीटची वेगळी, कोरी प्रत केली. त्यात फक्त समोरच्या ग्राहकाचा हिशेब: कार्पेट एरिया, करारमूल्य, जीएसटी, मुद्रांक शुल्क, नोंदणी. बाकी ग्राहकांची यादी दुसऱ्या फाइलमध्ये, जी टीव्हीवर जातच नाही. विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबली की उघडी खिडकी शेजारच्या पडद्यावर उडी मारते. मुलींनी हे पटकन उचललं. मग त्यांनीच एक पाऊल पुढे टाकलं: कॉस्ट शीट टीव्हीच्या उजव्या अर्ध्या भागात, डाव्या अर्ध्यात मास्टर बेडरूम तशीच दिसत राहते. नाव बदललं की आकडा बदलताना दिसतो आणि घरही डोळ्यांसमोरून जात नाही. एक्सक्लुझिव्हमध्ये हे अशक्यच होतं. खिडकी केल्यावर ते कोणी न मागता मिळालं. माझ्या यादीत हे नव्हतं, श्रेय मुलींचं.

व्हॉट्सॲपच्या सूचना तरीही बंद करून घेतल्या. लॅपटॉप कधीतरी पुन्हा ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’वर जाणारच, आणि दर एकदा गळला की परत घेता येत नाही.

नवा गेमिंग लॅपटॉप आता अकाउंट्सकडे आहे. जुना, ज्याला कमकुवत ठरवून कपाटात ठेवलं होतं, तोच पुन्हा सेल्सच्या टेबलावर आला, कारण त्याच्यावर वॉकथ्रू मुळातच 60 फ्रेम्सवर चालत होता.

बिल्डरच्या दुसऱ्या साइटवर, ठाण्याकडे, हाच प्रोग्रॅम विंडोज 7 च्या एका जुन्या डेस्कटॉपवर चालतो. तिथे नवी प्रत टाकली तेव्हा कॅमेरा वळवताना चित्र आडवं फाटायला लागलं. कोणीतरी मशीन हलकं व्हावं म्हणून थीम ‘बेसिक’वर नेऊन ठेवली होती, आणि विंडोज 7 मध्ये बेसिक थीम म्हणजे चित्रं जुळवणारा घटकच बंद. थीम पुन्हा एरोवर, म्हणजे विंडोज 7 च्या नेहमीच्या रूपावर, नेली, फाटणं थांबलं. विंडोज 7 चा आधार जानेवारी 2020 मध्येच संपलाय, त्यामुळे ते मशीन बदला असं लिहून दिलंय. तोवर तिथल्या डेस्कटॉपवर ‘थीम बदलू नये’ अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे.